गोणीला मापाडी आहे, पाठीला कोण?

देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, २०२०' लोकांपुढे मांडताना केंद्र सरकारने एका तरतुदीवर विशेष भर दिला. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, ही ती तरतूद. तिचे स्वागत करायला कोणाची हरकत असणार नाही. प्रश्न आहे तो या तपासणीत नेमके काय तपासले जाणार हा. रक्तदाब, रक्तातील साखर, डोळे, छातीचे चित्र यांची नोंद कोणताही दवाखाना सहज करील. परंतु बाजार समितीतील हमाल, बांधकामावरील बिगारी, एसटीचा चालक, शिवणयंत्रावर वाकून बसलेली कामगार स्त्री आणि संगणकापुढे दिवस काढणारा कर्मचारी या सर्वांच्या तोंडी जी तक्रार असते, ती कंबर, मान, खांदा किंवा गुडघा धरल्याची. ती या कागदावर उमटेल याची हमी आज कोणी देऊ शकत नाही.

शंकेला आधार आहे. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळविणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांची यादी होती. ती २९ नोंदींची यादी नव्या संहितेतही आली आहे. शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा त्यात आहे. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण आहे. ओझे उचलून झिजलेला मणका मात्र त्यात नाही. फुप्फुसात गेलेली धूळ कायद्याला दिसते, पाठीवरून गेलेले टनावारी वजन दिसत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर शोधू गेल्यास ते वैद्यकशास्त्रापेक्षा मोजमापाच्या प्रश्नात अधिक सापडते.

दुखण्याचा पसारा

या दुखण्याचा आकार लहान नाही. रोगभाराच्या जागतिक अभ्यासानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला अपंगत्वासह जगायला लावणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. ती जीव घेत नाही, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही. परंतु ती रोजी घेते, झोप घेते आणि पन्नाशीच्या आत माणसाला कामावरून उठवते. याच अभ्यासाने कंबरदुखीच्या एकूण भारापैकी सुमारे ३९ टक्के भार तीन कारणांच्या पदरी टाकला : कामाचे स्वरूप, धूम्रपान आणि वाढलेले वजन. तिन्ही कारणे एकत्र धरून हा आकडा येतो. कामाचा वाटा वेगळा काढायचा, तर आधी काम मोजावे लागते, आणि घोडे पेंड खाते ते येथेच.

काम आणि दुखणे यांचा संबंध काही आज सापडलेला नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारावा, 'तू काम काय करतोस?', असा त्यांचा आग्रह होता. ओझेवाल्यांप्रमाणेच त्यांनी कारकुनांच्याही दुखण्यांची दखल घेतली. सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण ही कारकुनाच्या दुखण्याची कारणे म्हणून त्यांनी नोंदविली आहेत. तीनशे वर्षांनंतर संगणकापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याची कथा याहून वेगळी नाही. रामाझ्झिनींच्या प्रश्नाला पुढचा प्रश्न जोडायचे काम मात्र विसाव्या शतकावर सोडले गेले : 'किती?'

उष्मांकांचा हिशेब

भारताने कष्टाचे मोजमाप केलेच नाही असे नाही. ते केले पोटासाठी. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविले तेव्हा प्रौढ कामगाराला दिवसाला २,७०० उष्मांक लागतात, हे डॉ. ॲक्रॉइड यांचे सूत्र पायाभूत धरले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हलके, मध्यम व जड अशी कामाची प्रतवारी करून उष्मांक ठरविले. परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी बैठ्या कामाला २,११०, मध्यम कामाला २,७१० आणि जड कामाला ३,४७० उष्मांक धरले आहेत. अर्धपोटी राहणाऱ्या देशात कष्टाचा पहिला हिशेब भाकरीत व्हावा, हे योग्यच होते.

परंतु उष्मांकांचे माप पाठीला लागू पडत नाही. शिवणयंत्रावर बसलेली स्त्री दिवसभरात फारशा उष्मांकांचा व्यय करीत नाही. म्हणून प्रतवारीत तिचे काम हलके ठरते. तिची मान मात्र आठ तास खाली झुकलेली असते आणि खांद्याचे स्नायू क्षणभरही सैल पडत नाहीत. आफ्रिकेतील लुओ व किकुयू स्त्रियांवरील १९८६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विसंगतीकडे बोट दाखवितो. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावर घेऊन चालताना या स्त्रियांची ऊर्जा जवळजवळ वाढतच नव्हती. उष्मांकांच्या वहीत ते ओझे शून्य ठरले. मानेच्या मणक्यांवर मात्र ते पूर्ण वजनाने उभे होते.

'दिवसभर घाम गाळणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?' हा समजही याच गोंधळातून येतो. मोकळ्या वेळेतील व्यायाम माणूस आपल्या इच्छेने करतो, दमला की थांबतो. कामावरचे कष्ट दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालतात, तासन्तास चालतात आणि त्यांत विश्रांती माणसाच्या हाती नसते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ साली झालेल्या एका विश्लेषणात, कामावर जड कष्ट करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी कष्टाचे काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के अधिक आढळला. कष्ट आणि कसरत यांना एकाच तराजूत घालता येत नाही, हा त्याचा अर्थ.

किलोंचा हिशेब

कायद्याने जे दुसरे माप घेतले ते किलोंचे. कोणत्याही कामगाराला इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे उचलायला लावू नये, असे कारखाना कायद्याचे ३४ वे कलम सांगत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनाविषयीचा १२७ क्रमांकाचा करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली आहे. भारताने हा करार २०१० साली, म्हणजे ४३ वर्षांनी, मान्य केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न कागदावरचा नाही. डोक्यावर व पाठीवर ओझे वाहणाऱ्या ज्या कामगाराला राज्य 'माथाडी' या नावाने ओळखते, त्याने एकेकाळी क्विंटलचे पोते पाठीवर घेतलेले आहे. ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही, ही माथाडी कामगारांची भूमिका नवी मुंबईच्या बाजार समितीत वारंवार पुढे आली आणि तिच्यासाठी काम बंद ठेवण्याचीही वेळ आली. पन्नास किलोंचा आकडा हा अशा रीतीने झगड्यातून मिळालेला आहे. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि शास्त्राच्या कसोटीवर हा आकडाही फार मोठा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे 'नायोश'ने, १९९१ साली सुधारून घेतलेले ओझे उचलण्याचे समीकरण जगभर वापरले जाते. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते. ओझे शरीरालगत आहे, कंबरेच्या उंचीवर आहे, पकड चांगली आहे, अंग वळवावे लागत नाही आणि उचलण्याची वेळ क्वचितच येते, अशा आदर्श स्थितीतील ही मर्यादा आहे. परिस्थिती जसजशी बिघडते तसतसे हे २३ किलो घटत जातात. ओझे घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे धरावे लागले तर मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. तेच ओझे थेट जमिनीवरून उचलायचे असेल तर ती नऊ किलोंच्याही खाली जाते. उचलण्याचा वेग व तास वाढले की आणखी घट. पन्नास किलोंची गोणी आदर्श स्थितीतही मर्यादेच्या दुपटीहून जड भरते. जमिनीवरून हात लांबवून उचलली तर पाचपटींहून जड. हे समीकरण दोन हातांनी उचलण्यापुरते आहे, डोक्यावर वा पाठीवर वाहून नेण्याला ते लागू होत नाही, हे खरे. पण पाठीवर जाण्यापूर्वी गोणी उचलावीच लागते.

मुद्दा असा, की एका गोणीचे वजन हे ओझ्याच्या अनेक अंगांपैकी केवळ एक अंग आहे. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या मणक्यातील चकतीत दाबमापक बसवून मोजणी केली. सरळ उभे असताना जो दाब होता, तो कंबरेत वाकून २० किलो उचलताना साडेचार पटींहून अधिक झाला. गुडघे वाकवून तेच वजन उचलताना सुमारे साडेतीन पट. वजन तेच, पाठही तीच. फरक केवळ उचलण्याच्या पद्धतीचा.

गोणीचे वजन कमी करता येत नाही, असा युक्तिवाद व्यापारी वर्गाकडून होत असतो. त्याला खताच्या दुकानातच उत्तर आहे. युरियाची गोणी २०१८ साली ५० किलोंवरून ४५ किलोंवर आली. सरकारचा हेतू युरियाचा अतिरेकी वापर कमी करण्याचा होता. हमालाची पाठ त्या विचारात कोठेही नव्हती. जमिनीच्या आरोग्यासाठी देशभरातील गोणीचे माप एका निर्णयाने बदलू शकते, तर माणसाच्या आरोग्यासाठी का बदलू नये? ब्रिटनमध्ये सिमेंट २५ किलोंच्या पोत्यात मिळते आणि तेथील इमारती त्यामुळे अडून राहिलेल्या नाहीत.

बसण्या-वाकण्याचा हिशेब

ओझे न उचलताही शरीर झिजते, हे लक्षात आल्यावर मोजमापाची तिसरी वाट निघाली. फिनलंडमधील एका पोलाद कंपनीत १९७० च्या दशकात 'ओवास' ही पद्धत तयार झाली. पाठीच्या चार, हातांच्या तीन आणि पायांच्या सात स्थिती ठरवून निरीक्षकाने ठराविक अंतराने कामगाराची स्थिती टिपायची, अशी ही साधी रीत. १९९३ साली ब्रिटनमधील लिन मॅकअटॅम्नी व नायजेल कॉर्लेट यांनी मान, खांदे व हात यांच्यासाठी 'रुला' ही गुणांकन पद्धत मांडली. २००० साली संपूर्ण शरीरासाठी 'रेबा' आली. तिच्या मुळाशी रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास होता. या पद्धतींना लागते ती एक वही, पेन्सिल आणि प्रशिक्षित नजर. वाहनाच्या हादऱ्यांसाठी वेगळे माप आहे. चालकाच्या आसनातून अंगात शिरणाऱ्या कंपनांना युरोपीय संघाने २००२ साली मर्यादा घातली. अलीकडे मांडीवर वा पाठीवर चिकटविता येणारे छोटे गतिमापक आले आहेत. माणूस किती वेळ वाकला, किती वेळ उभा राहिला, हात खांद्यावर किती वेळ गेला, याची नोंद ते दिवसभर करतात.

या वाटेने गेल्यास समाजातील कष्टाची क्रमवारी वेगळी दिसू लागते. चिखलात वाकून भातलावणी करणारी कोकणातील स्त्री, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी मराठवाड्यातील ऊसतोड कामगार आणि चार घरची धुणीभांडी करणारी शहरातील मोलकरीण, या तिघींच्या कामाला 'जड' हे विशेषण सहसा कोणी लावत नाही. पुरुष उचलतो ते ओझे आणि बाई करते ते काम, अशी ही भाषेतली विभागणी आहे. वाकण्याचे तास मोजले तर ती क्षणभर टिकणार नाही.

दुखणे मोजण्याचा पेच

कामाला माप मिळाले तरी निम्मेच काम होते. दुखण्याचेही माप हवे. त्यासाठी १९८७ साली स्कॅन्डिनेव्हियन देशांतील संशोधकांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. शरीराच्या आकृतीवर मानेपासून पावलांपर्यंत नऊ भाग दाखविलेले असतात. गेल्या बारा महिन्यांत यांपैकी कोठे त्रास झाला, गेल्या सात दिवसांत झाला का, त्यामुळे नेहमीचे काम अडले का, एवढेच विचारायचे. लिहिता-वाचता न येणारा कामगारही आकृतीवर बोट ठेवून उत्तर देऊ शकतो.

तरीही कष्ट आणि वेदना यांचे नाते सरळ रेषेत मांडता येत नाही. अमेरिकेतील बोइंग कंपनीच्या तीन हजारांवर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, कोण पाठदुखीची तक्रार नोंदविणार याचा अंदाज शारीरिक मोजमापांपेक्षा कामातील समाधानावरून अधिक चांगला येतो, असे १९९१ साली दिसले. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासात मणक्याच्या झिजेत जड कामाचा वाटा अल्प आणि घराण्याच्या वारशाचा मोठा आढळला. वेदना असलेला माणूस आपले काम आहे त्याहून जड सांगतो, अशीही शंका घेतली जाते. हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण त्यांची मर्यादाही ओळखायला हवी. चित्रात दिसणारी चकतीची झीज आणि प्रत्यक्ष वेदना या एक गोष्ट नव्हेत. झीज असूनही अनेकांना काहीच दुखत नाही. विमान कंपनीतील नोकरदाराचा अनुभव भाजी बाजारातील हमालाला जसाच्या तसा लावता येत नाही.

उलट दिशेने होणारी फसगत त्याहून मोठी आहे. एखाद्या बाजारात जाऊन आज काम करणाऱ्या हमालांची पाहणी केली, तर त्यांतील बरेच जण धडधाकट निघण्याचा संभव असतो. कारण ज्यांची पाठ गेली ते केव्हाच काम सोडून गावी परतलेले असतात. उरले ते निरोगी, आणि पाहणी होते ती उरलेल्यांची. त्यामुळे सर्वांत जड कामच कागदावर सर्वांत निरुपद्रवी दिसू शकते. म्हणूनच एका दिवसाची पाहणी पुरत नाही. माणसांची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते आणि काम सोडणाऱ्याला सोडण्याचे कारण विचारावे लागते.

एवढे सर्व पेच जमेस धरूनही पुराव्याचा कौल कोणत्या बाजूला आहे, हे स्पष्ट आहे. 'नायोश'ने १९९७ साली सहाशेहून अधिक अभ्यासांची छाननी केली. ओझे उचलणे आणि संपूर्ण शरीराला बसणारे हादरे यांचा कंबरेच्या विकारांशी, तसेच मान व खांदे एकाच स्थितीत धरून ठेवण्याचा त्या भागाच्या विकारांशी असलेला संबंध सबळ असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. त्या आधारे अमेरिकेने नोव्हेंबर २००० मध्ये अर्गोनॉमिक्सचे मानक जाहीर केले. उद्योगांनी खर्चाचा आणि शास्त्रीय अनिश्चिततेचा मुद्दा लावून धरला. मार्च २००१ मध्ये काँग्रेसने मानक रद्द ठरविले आणि अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. अनिश्चितता ही शास्त्रात पुढच्या संशोधनाची सुरुवात असते. राजकारणात ती काहीच न करण्याची सबब होते.

जर्मनीचा धडा

या कोंडीतून वाट काढता येते, हे जर्मनीने दाखविले. वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने वा कमालीचे वाकून काम केल्याने कंबरेच्या मणक्यातील चकतीला होणारा विकार तेथे १९९३ पासून व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. यादीत नाव आले, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. किती ओझे उचलले म्हणजे दुखणे कामामुळे झाले असे मानायचे? त्यासाठी १९९९ साली 'माइन्झ-डॉर्टमुंड' नावाचे सूत्र मांडले गेले. चकतीवर पडलेला दाब आणि तो किती वेळ पडला, यांवरून कामगाराच्या साऱ्या नोकरीचा एकूण भार काढायचा, अशी त्याची कल्पना आहे. किरणोत्सर्गाच्या कामात माणसाला आयुष्यभरात मिळालेली मात्रा मोजतात, तशी ही ओझ्याची मात्रा. पुरुषांसाठी अडीच कोटी आणि स्त्रियांसाठी एक कोटी सत्तर लाख न्यूटन-तास हे त्याचे मार्गदर्शक आकडे होते. नव्या संशोधनात कमी मात्रेलाही धोका दिसू लागल्यावर तेथील सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने २००७ साली, दावा फेटाळण्यासाठीची खालची मर्यादा या आकड्यांच्या निम्म्यावर आणली.

या व्यवस्थेत सर्व आलबेल आहे असे नाही. दाखल होणाऱ्या दाव्यांपैकी थोडेच मान्य होतात. परंतु कामगाराला दावा तरी करता येतो, आकड्यावर वाद घालता येतो, न्यायालयाला आकडा बदलता येतो. जे मोजलेच जात नाही त्यावर वादही घालता येत नाही.

महाराष्ट्राच्या हाती असलेली वही

येथे महाराष्ट्राची स्थिती इतर राज्यांहून वेगळी आहे. १९६९ साली राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीचे आणि डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांचे हे क्षेत्र. या कायद्याखालील मंडळांत कामगाराची नोंदणी होते, व्यापाऱ्याकडून मजुरी व लेव्ही मंडळात जमा होते आणि मंडळाकडून कामगाराला वेतन मिळते. मजुरी बहुतांशी मालाच्या वजनावर वा नगांवर ठरते. कोणत्या टोळीने किती माल हलविला याचा हिशेब त्यासाठी ठेवावाच लागतो. जर्मन तज्ज्ञांना जुन्या कामगारांच्या आठवणींतून जे आकडे गोळा करावे लागतात, ते येथे मजुरीच्या वहीत पडून आहेत!

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. दहा जणांच्या टोळीने दिवसाला दहा टनांचे चार ट्रक रिकामे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार टन येतात; म्हणजे पन्नास किलोंच्या ऐंशी गोण्या. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे टन. वीस वर्षांच्या कामात चोवीस हजार टन. टोळीतील प्रत्येकाचे काम सारखे नसते. कोणी ट्रकवरून गोणी देतो, कोणी पाठीवर वाहतो, कोणी थप्पी लावतो. त्यामुळे हा आकडा अचूक नसेल. पण आज हाती असलेल्या शून्यापेक्षा तो निश्चितच सत्याच्या अधिक जवळ आहे.

याच हिशेबातून दुसरीही एक बाब उघड होते. गोणी पन्नासऐवजी पंचवीस किलोंची केली आणि माल तेवढाच राहिला, तर ऐंशीऐवजी एकशेसाठ वेळा वाकावे लागेल. एका वेळचा झटका निम्मा होईल, दिवसाचा भार मात्र तेवढाच राहील. म्हणजे गोणी हलकी करणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. ट्रकच्या उंचीचे धक्के, सरकते पट्टे, हातगाड्या, टोळीतील कामांची पाळी आणि विश्रांतीची ठरलेली वेळ या गोष्टी सोबत याव्या लागतील. यंत्राने पाठ वाचावी, पण रोजगार जाऊ नये, या कामगारांच्या रास्त भीतीचा विचारही त्यात करावा लागेल. मजुरी वजनावर असेल तर विश्रांतीचा प्रत्येक मिनिट कामगार स्वतःच्या खिशातून भरतो. दर ठरविताना ही मिनिटे धरली नाहीत, तर विश्रांतीचा नियम म्हणजे बोलाचीच कढी ठरेल.

म्हणून नव्या संहितेतील वार्षिक तपासणीला महत्त्व आहे. संहितेखालचे नियम करताना राज्याने तपासणीच्या कागदात एक पान वाढवावे. एका बाजूला नऊ भागांची ती आकृती, दुसऱ्या बाजूला कामाचे स्वरूप : रोज किती वजन, किती वेळा, किती तास वाकून, किती तास बसून. मुंबईतच, शीव येथे, केंद्रीय श्रम संस्था आहे. अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. पद्धत ठरविण्याचे व निरीक्षक तयार करण्याचे ज्ञान देशात उपलब्ध आहे. माथाडी मंडळांनी आपल्या वह्या या पानाला जोडल्या, तर कोणत्या कामात, किती भारानंतर, माणसाची पाठ जाते, याचे उत्तर काही वर्षांत याच मातीतून मिळू लागेल.

दोन अडचणी मात्र डोळ्याआड करून चालणार नाही. पहिली भीतीची. 'कंबर दुखते' असे लिहून दिले की उद्यापासून काम बंद, असे झाल्यास कोणीही खरे बोलणार नाही. ही नोंद कामगाराविरुद्ध वापरता येणार नाही आणि दुखणाऱ्याला हलके काम मिळेल, ही हमी आधी हवी. दुसरी अडचण संहितेच्या व्याप्तीची. संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा बिगारी, ऊसतोडीची जोडपी यांच्यापर्यंत ती पोचणे कठीण. जेथे पाठ सर्वाधिक वाकते, तेथेच कागद पोचत नाही. ही नोंद कारखान्याच्या दारापाशी न थांबता सरकारी दवाखान्यात यायला हवी. तेथील डॉक्टरने वेदनाशामक गोळी लिहून देण्यापूर्वी रामाझ्झिनींचा प्रश्न विचारला आणि उत्तर नोंदवहीत लिहिले, तरी मोठी सुरुवात होईल.

बाजार समितीत मालाची गोणी काट्यावर चढते तेव्हा मापाडी तिची नोंद किलोपर्यंत अचूक करतो. शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा आणि हमालाच्या मजुरीचा हिशेब त्या नोंदीवर चालतो. त्याच नोंदीत ती गोणी वाहणाऱ्या पाठीचाही हिशेब दडलेला आहे. तो मांडायला नवा काटा लागत नाही. वहीत आणखी एक रकाना आखावा लागतो. तो आखायचा की नाही, हे ठरविण्याची संधी संहितेच्या निमित्ताने राज्यापुढे आली आहे.